परतावा म्हणजे कुणी कुणाला द्यायचं?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत बँक सखीने केलेले भाषण. सभेला येऊ न शकलेल्या मैत्रिणींसाठी येथे देत आहोत.)



हे भाषण घरी बसून वाचणाऱ्या ताई, तुमच्यासमोर चुलीवर काहीतरी असेल, तर आधी ते खाली उतरवा. कारण मी सुरुवात परतण्यापासूनच करणार आहे. कांदा परततो ना आपण? खालचा वर आणि वरचा खाली. माहेरी गेलेली लेक परतते, रानात गेलेली गुरं परततात. त्याच शब्दातून ‘परतावा’ आला. ऐकायला किती सोपा! पण गेली सहा वर्षं बँकेच्या दारात टेबल मांडून बसल्यावर मला कळलं, की या एका शब्दाने आपल्या बायकांचे जेवढे पैसे अडकतात तेवढे दुसऱ्या कशाने अडकत नसतील. म्हणून अध्यक्षताईंनी ‘कोणत्याही विषयावर बोल’ म्हटल्यावर मी हाच विषय घेतला.

पहिला घोळ बघा. आपण गटाच्या कर्जाचा हप्ता भरतो, त्याला म्हणायचं परतफेड. घेतलेलं आपण फेडतोय. याच्या उलट, आपण कुणाला पैसे दिले आणि ते त्याने आपल्याला माघारी दिले, तर तो परतावा, म्हणजे दुकानदार ज्याला रिफंड म्हणतो तो. आणि दिलेले पैसे समोरचा आपणहून देत नाही, म्हणून मागे लागून, कायद्याने, नोटीस पाठवून काढायचे, ती वसुली. पीएम किसानचे पैसे बसत नसलेल्या लोकांच्या खात्यात गेले होते आणि सरकारने ते परत मागितले, आठवतंय? तो परतावा नव्हता, ती वसुली होती. पैसा तोच, नोटा त्याच. पण कोण कुणाला देतोय आणि राजीखुशीने देतोय की भाग पडलं म्हणून, यावर शब्द बदलतो. आणि शब्द बदलला की अर्ज बदलतो, खिडकी बदलते, मुदत बदलते.

आता चौथा अर्थ, सगळ्यात घातकी. आमच्या शेजारच्या गावातल्या एका ताईंनी मला एक पत्रक दाखवलं होतं. रंगीत, वर देवीचा फोटो. त्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं, ‘दरमहा खात्रीशीर परतावा’. ताई म्हणाल्या, ‘अगं, परतावा आहे की यात. म्हणजे नको वाटलं तर पैसे परत देतात.’ त्यांनी शेळ्या विकून आलेले पैसे तिथे घातले होते. मैत्रिणींनो, गुंतवणुकीच्या पत्रकावर परतावा म्हणजे रिफंड नसतो. तिथे परतावा म्हणजे नफा, व्याज, वरकमाई. मुद्दल परत मिळेल असं त्या पत्रकात कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी तीनदा वाचलं. एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि ताईंना त्यातला सोयीचा अर्थ वाटावा म्हणूनच तो शब्द तिथे घातला होता, असं माझं मत आहे. पाच महिने पैसे आले, सहाव्या महिन्यात ऑफिसला कुलूप.

अशा वेळी आपल्या राज्यात १९९९ चा ठेवीदार संरक्षणाचा कायदा आहे, पोलीस त्याला एमपीआयडी म्हणतात. त्यात फसवणाऱ्या संस्थेची मालमत्ता जप्त करून, विकून, ठेवीदारांना वाटता येते. पण त्याला वर्षं लागतात, आणि त्यासाठी तुमच्याकडे पावती लागते. ताईंकडे होतं एक छापील कार्ड आणि त्यावर पेनाने मारलेल्या टिका. तक्रार दिली आहे. बघू. त्या ताई आज इथे आल्या आहेत, त्यांच्या परवानगीने सांगतेय, नाव सांगत नाही.

आता माझीच एक चूक सांगते. २०२१ सालची गोष्ट. मी नवीन होते, अंगठ्याचं मशीन हातात येऊन तीन महिने झाले होते. एक आजी श्रावणबाळ योजनेचे हजार रुपये काढायला आल्या. अंगठा लागेना. राखेने, शेणाने, कामाने आजींच्या बोटांच्या रेघाच उरल्या नव्हत्या. चौथ्या वेळी लागला, मशीन फिरलं, फिरलं आणि ‘फेल’ दाखवलं. मी म्हटलं, आजी, उद्या या. तेवढ्यात त्यांच्या नातवाच्या फोनवर मेसेज, खात्यातून हजार रुपये वजा.

मी काय म्हणाले असेन? ‘येतील हो दोन दिवसांत, काळजी करू नका.’ पावतीसुद्धा काढून दिली नाही. फेल झालं तर कशाला पावती, असं मला वाटलं. आजी चार किलोमीटर चालत येत. तीनदा आल्या. तिसऱ्यांदा त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघून बसल्या. गावात कुजबुज सुरू झाली होती, की हिनेच ठेवून घेतले. मला रात्री झोप लागेना. शाखेत गेले तर साहेब म्हणाले, ‘पैसे परत पाहिजेत म्हणजे काय? कोणाकडून? रिफंड आम्ही देत नाही.’ आणि मी तशीच घरी आले, कारण त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर असं होतं. हा रिफंड नव्हताच. व्यवहार फसला आणि पैसे मात्र कापले गेले, याला बँकेच्या भाषेत रिव्हर्सल म्हणतात. कापलेली रक्कम उलटी फिरवणे. यात कोणी कोणावर मेहरबानी करत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये परिपत्रक काढून सगळ्या बँकांना मुदती घालून दिल्या. एटीएममधून किंवा आपल्या अंगठ्याच्या मशीनवर पैसे कापले गेले आणि हातात आले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत ते खात्यात परत जमा झाले पाहिजेत. यूपीआयने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवले, इकडे कापले आणि तिकडे पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत. दुकानदाराला यूपीआय केलं, कापले गेले आणि त्याच्याकडे पोच आली नाही, तर ५ दिवस. आणि मुदत टळली तर? पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. तीसुद्धा आपण मागितल्यावर नाही. बँकेने आपणहून जमा करायची, तक्रारीची वाट न बघता.

आजींचे पैसे एकोणिसाव्या दिवशी जमा झाले. मुदतीचे ५ दिवस सोडले तर उशीर १४ दिवसांचा. म्हणजे भरपाई १,४०० रुपये. पेन्शनपेक्षा जास्त! आजींना त्यातला एक रुपया मिळाला नाही, कारण मला नियम माहीत नव्हता आणि साहेबांनी सांगितला नाही. मला नियम कळला तोवर आजी गेल्या होत्या. त्यांच्या सुनेकडे जाऊन मी माफी मागून आले. तिने चहा दिला. त्याच्यावर आणखी काय बोलायचं.

तेव्हापासून माझ्या टेबलावर एक वही आहे. फेल व्यवहाराचीही पावती काढायची, त्यावरचा व्यवहार क्रमांक वहीत लिहायचा, तारीख लिहायची, आणि पाचवा दिवस कोणता येतो ते समोर लिहायचं. एवढंच. पण त्या वहीमुळे आता शाखेत गेल्यावर मी ‘पैसे परत द्या’ म्हणत नाही. ‘फेल व्यवहाराचं रिव्हर्सल आलेलं नाही, मुदत या तारखेला संपली’ असं म्हणते. साहेब लगेच संगणकात बघतात. साहेबसुद्धा माणूसच आहे, त्याला नेमकं सांगितलं की तोही नेमकं शोधतो.

आता आपल्या गटाची गोष्ट, ती बऱ्याच जणींना अर्धवट माहीत आहे. आम्ही मसाला कांडप मशीन घ्यायचं ठरवलं. एका प्रदर्शनात स्टॉल होता. किंमत ६५,००० सांगितली, २०,००० आधी द्या म्हणाला, ४५ दिवसांत मशीन दारात. ग्रामसंघाकडून समुदाय गुंतवणूक निधी उचलला आणि अध्यक्षताईंच्या फोनवरून तिथल्या तिथे स्कॅन करून दिले. पावती मिळाली. पावतीवर खाली बारीक इंग्रजीत एक ओळ होती. आम्ही कोणी वाचली नाही. ती ओळ होती, बुकिंग रक्कम नॉन-रिफंडेबल.

४५ दिवस गेले, ६० गेले. मशीन नाही. फोन केला की ‘मटेरियल अडकलंय’. शेवटी आम्ही म्हटलं, मशीन नको, पैसे द्या. तर तो म्हणतो, ‘ताई, पावती वाचा. परतावा नाही.’

इथे आपल्या आजी-आजोबांचे शब्द किती नेमके होते ते मला कळलं. जमिनीच्या व्यवहारात आपण इसार म्हणतो, काही गावांत विसार. इसार म्हणजे शब्द पाळायची खूण. घेणाऱ्याने माघार घेतली तर इसार जातो. देणाऱ्याने शब्द मोडला तर तो त्याला ठेवता येत नाही. अनामत म्हणजे सांभाळायला ठेवलेली रक्कम, काम झालं की परत, जसं मंडपवाल्याकडे भांड्यांसाठी ठेवतो. आणि ॲडव्हान्स म्हणजे किमतीतलेच काही पैसे आधी दिले. ‘बुकिंग’ हा शब्द या तिघांतला कोणताही नाही, आणि म्हणूनच तो वापरतात! पुढच्या वेळी पावतीवर बुकिंग दिसलं तर तिथेच विचारा, दादा, हा इसार, अनामत की ॲडव्हान्स? आणि तो जे म्हणेल ते त्याच्याच हाताने लिहून घ्या.

मी आधी बँकेत गेले. तिथे मला चार्जबॅक हा शब्द कळला. रिफंड दुकानदार देतो. चार्जबॅकमध्ये आपण दुकानदाराला विचारतच नाही. आपण आपल्या बँकेला सांगतो, की मी कार्डाने किंवा यूपीआयने या दुकानाला पैसे दिले, माल आला नाही, माझे पैसे मागे खेच. आपली बँक त्याच्या बँकेला विचारते, त्याची बँक त्याला पुरावा मागते. माल दिल्याचा पुरावा त्याने दिला तर आपली तक्रार फेटाळली जाते. नाही दिला तर पैसे परत येतात. याला मुदत असते, म्हणून ‘बघू पुढच्या महिन्यात’ करायचं नाही. यूपीआयच्या ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की तक्रारीची जागा दिसते, तिथूनही करता येतं.

पण आमचं झालं नाही. का? त्याने स्टॉलवर लावलेला क्यूआर दुकानाच्या नावाचा नव्हताच. कोणा नातेवाइकाच्या साध्या बचत खात्याचा होता. बँकेच्या लेखी अध्यक्षताईंनी एका माणसाला २०,००० रुपये पाठवले आणि ते पोचले. खरेदी कुठेच नाही. त्या दिवशी स्कॅन केल्यावर पडद्यावर नाव आलं होतं, आम्ही नऊ जणी बघत होतो, आणि एकीलाही वाटलं नाही की दुकानाचं नाव वेगळं आणि हे नाव वेगळं. बाजारात कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून घेणाऱ्या आपण!

मग राहिला ग्राहकाचा रस्ता. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक, तिथे तक्रार नोंदवली. त्याबरोबर आम्ही स्वतः कागदावर, मराठीत, सहा ओळींचं पत्र लिहून रजिस्टर पोस्टाने पाठवलं. तारीख, रक्कम, किती दिवसांत मशीन द्यायचं ठरलं होतं, आणि आता १५ दिवसांत रक्कम परत करा, नाहीतर ग्राहक आयोगात जाऊ. तो फोनवर हसला. म्हणाला, ‘तुम्ही धंद्यासाठी मशीन घेत होता, तुम्ही ग्राहक नाहीच.’ मी काही वकील नाही, पण हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेणाऱ्याला ग्राहक धरत नाहीत, हे खरं. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात मोडत नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. आम्ही बायका मिरच्या स्वतः निवडणार, स्वतः कांडणार. आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही, हेही सांगितलं. ‘नॉन-रिफंडेबल’ची ओळ आम्ही मोडली असती तर तुमच्या कामाची, तुम्ही शब्द मोडल्यावर तुमच्या कामाची नाही, असं आमच्या कोषाध्यक्ष म्हणाल्या. त्या चौथी शिकलेल्या आहेत.

पैसे आले. दोन वेळा करून, आधी १२,००० आणि नंतर ८,०००. पाच महिन्यांचं निधीचं व्याज आमच्या अंगावर पडलं ते पडलंच. ते मागता आलं असतं का? पत्रात लिहिलं असतं तर मागता आलं असतं. लिहिलं नव्हतं.

दुसरा एक प्रकार थोडक्यात सांगते, कारण तो दर महिन्याला एकदा तरी माझ्याकडे येतो. नंबर चुकला आणि पैसे भलत्याच्या खात्यात गेले. यात रिव्हर्सल नाही, कारण व्यवहार फसलेला नाही. चार्जबॅक नाही, कारण खरेदी नाही. बँकेला त्याच दिवशी लेखी कळवायचं, ॲपवर तक्रार करायची. बँक समोरच्याला विचारते, पण त्याच्या संमतीशिवाय त्याच्या खात्यातून काढत नाही. आणि इथे मला दुसऱ्या बाजूच्या ताईंनाही सांगायचंय. तुमच्या खात्यात कोणाचे चुकून आले, तर ते ‘देवाने दिले’ नसतात. १८७२ चा जो करार कायदा आहे, इंग्रजांच्या काळातला, त्याचं कलम ७२ सांगतं की चुकून मिळालेले पैसे मिळालेल्याने परत केलेच पाहिजेत. मात्र परत करताना अनोळखी फोनवर विश्वास ठेवून करू नका, कारण ‘चुकून आले, परत टाका’ म्हणणारे ठगही असतात. आपल्या बँकेत जा, लिहून द्या, त्यांच्यामार्फत जाऊ द्या.

ठगांवरून आठवलं. हल्ली ‘रिफंड’ हाच त्यांचा आवडता शब्द झाला आहे. ‘तुमचा गॅसचा रिफंड आलाय, विजेचा रिफंड आलाय, पिन टाका.’ पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन फक्त द्यायला लागतो. आणि कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधायचा नाही, पासबुकाच्या किंवा कार्डाच्या मागचा घ्यायचा. तरीही फसलात तर लाज बाळगू नका, घरच्यांना कळेल म्हणून दोन दिवस गप्प बसू नका. त्याच क्षणी १९३० ला फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत गोठवले तर हाती लागतात, नंतर मागोवा काढत बसावं लागतं. बँकेलाही कळवा. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे, की आपली चूक नसताना बाहेरच्या कोणी खात्यातून पैसे काढले आणि आपण बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान आपल्यावर येत नाही. आणि आपणच ओटीपी सांगून बसलो असलो तरी, बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ लिहून ठेवा. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पैसे लागत नाहीत. चौकशीचा क्रमांक १४४४८.

आता आपला आवडता परतावा राहिला, व्याज परतावा. गटाने बँकेचा हप्ता वेळेवर भरला की शासनाकडून व्याजातला काही भाग परत येतो, तो. गंमत बघा, हा परतावा परतफेडीवर अवलंबून आहे. हप्ता थकला की गेला. पण माझी तक्रार वेगळीच आहे. तो जमा झाला की आपल्या कितीतरी गटांना कळतच नाही. पासबुकात इंग्रजीत काहीतरी उमटतं आणि बुक कीपर ते ‘इतर जमा’ म्हणून लिहून मोकळी होते. मागच्या महिन्यात मी चार गटांची पासबुकं बघितली, तीन गटांत असंच होतं. एका गटाने तर ती रक्कम कोणाची म्हणून वर्षभर हातच लावला नव्हता. अहो, तुमचीच आहे! गटाच्या बैठकीत सांगा, ठराव लिहा, आणि ‘व्याज परतावा’ असंच लिहा.

माझा वेळ संपल्याची खूण सचिवताई करतायत. जेवणानंतर मी त्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसणार आहे. पासबुक, पावत्या, फोनमधले मेसेज, जे असेल ते घेऊन या. वाचणाऱ्या ताईंनी गुरुवारी बाजारच्या दिवशी यावं, मी दुपारी चारपर्यंत असते. आणि मसाला कांडप मशीन कुठून घेतलं ते विचारू नका, अजून घेतलेलं नाही. तीन ठिकाणांहून दरपत्रकं आणली आहेत, तिन्हींवर ‘बुकिंग’ लिहिलेलं आहे.